नाव द्या म्हटलं की तीच तीन नावं येतात: मंडळीत काळजीची सेवा उभी करायची कशी

चर्चमध्ये उपासना संपता संपता सूचना होते: "ज्यांना आजाऱ्यांच्या भेटीची सेवा करायची इच्छा आहे, त्यांनी सेक्रेटरींकडे नावे द्यावीत." पुढच्या रविवारी यादीत तीन नावं असतात. नाताळच्या सजावटीत, वार्षिक सभेच्या जेवणात आणि कबरस्तानच्या साफसफाईतही हीच तीन माणसं राबतात. दोन महिन्यांत त्यांतले दोघं थकतात आणि "आपल्या लोकांना सेवेची आवडच नाही" असं ठरवून विषय मिटतो.

आवड असते. काय करायचं, किती वेळ, कुणाबरोबर आणि कधीपर्यंत, हे कुणी सांगितलेलं नसतं. हात वर न करणारा माणूस बहुतेक वेळा न संपणाऱ्या कामाला भ्यालेला असतो. एकदा 'हो' म्हटलं की जन्मभर सुटका नाही, हे त्याने त्या तिघांकडे बघून शिकलेलं असतं.

खालचा क्रम साधारण चाळीस ते दीडशे घरांच्या मंडळीसाठी आहे. क्रम मोडू नका. बहुतेक ठिकाणी चौथा टप्पा पहिला केला जातो आणि तिथेच सगळं फसतं.

टप्पा १: आधी घरं मोजा

पाळक (पास्टर), मंडळीतले दोन वडील (एल्डर) आणि महिला मंडळातल्या दोघी अशा पाच जणांनी एका संध्याकाळी दोन तास बसावं. मंडळीची यादी पुढे घ्यावी आणि घरागणिक एकच प्रश्न विचारावा: या घरात आत्ता कुणी एकटं पडलंय का?

मराठवाड्यात काही घरं हमखास नजरेतून सुटतात, ती मुद्दाम तपासा:

- ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची घरं. दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं मागे असतात. घराला कुलूप नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं आपण धरून चालतो.
- मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला आणि आई-वडील इथे, अशी घरं. पैसा येतो, माणूस येत नाही.
- डायलिसिस, अर्धांगवायू, कॅन्सर अशा लांबलेल्या आजारांची घरं. पहिल्या महिन्यात गर्दी असते, सहाव्या महिन्यात कुणी फिरकत नाही.
- मागच्या वर्षभरात मयत झालेली घरं.
- दारू, कर्ज किंवा मोडलेल्या लग्नामुळे उपासनेला यायचं थांबलेली माणसं. यांची नावं कुणी पटकन घेत नाही, म्हणून तुम्ही घ्या.

ही नावं एका साध्या वहीत लिहा. रकाने चारच: नाव, गल्ली किंवा गाव, काय लागेल, शेवटची भेट कोणत्या तारखेला. आजाराचं नाव, घरातलं भांडण, कर्जाचा आकडा यांतलं काहीही लिहू नका. वही एकाच माणसाकडे, कुलपात राहील.

*तपासणी:* वहीत दहाच्या आत नावं आली तर यादी पुन्हा वाचा. सुखवस्तू दिसणारी घरं बहुधा वगळली गेली असतील.

टप्पा २: कामाचे तुकडे पाडा

"आजाऱ्यांना भेटा" हे काम नव्हे. ते इतकं मोठं आणि धूसर आहे की कुणीही मागे सरकेल. प्रत्येक गरजेचा असा तुकडा करा, जो कागदाच्या एका ओळीत बसेल आणि ज्याला शेवटची तारीख असेल. उदाहरणादाखल:

- दर बुधवारी संध्याकाळी एका आजीजवळ अर्धा तास बसणं, वाचून दाखवणं. सहा आठवडे.
- दवाखान्यात ॲडमिट असलेल्याच्या नातेवाइकासाठी मंगळवार-शुक्रवार एक डबा. रुग्ण घरी येईपर्यंत, जास्तीत जास्त तीन आठवडे.
- गावी राहिलेल्या दोन लेकरांना शनिवारी दहा मिनिटं फोन: शाळा, जेवण, आई-बाबांशी बोलणं झालं का. हंगाम संपेपर्यंत.
- पेन्शनवाल्या काकांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेऊन आणणं. एकच दिवस.

शेवटचं काम कुणी 'सेवा' म्हणून मोजत नाही. पण मोटरसायकल असलेला आणि प्रार्थना म्हणायला लाजणारा पोरगा याच कामातून आत येतो, हे लक्षात ठेवा.

वेळ ठरवताना इथलं घड्याळ बघा. जूनमध्ये पेरणी आणि दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची काढणी चालू असताना शेतातल्या माणसाला नवीन काम देऊ नका. उन्हाळ्यात सकाळी अकरा ते चार कुणालाही भेटीला धाडू नका. मजुरीला जाणाऱ्या बायका सातच्या आधी मोकळ्या होत नाहीत, तेव्हा "दुपारी चारला या" म्हणणं म्हणजे त्यांना न बोलावणंच.

टप्पा ३: कुणाला विचारायचं, ते ठरवा

चांगली प्रार्थना करणारा माणूस चांगला भेट देणारा असतोच असं नाही. कधीकधी उलटच होतं: त्याला बोलायची इतकी सवय असते की समोरच्याला तोंड उघडायला वावच मिळत नाही.

उपासनेनंतर पंधरा मिनिटं आवारात उभं राहा आणि बघा. म्हाताऱ्यांना चप्पल सापडून देणारा कोण, "मागच्या रविवारी दिसला नाहीत" असं विचारून उत्तर ऐकायला थांबणारी कोण, हे तिथेच कळतं. निवृत्त नर्स, शिक्षिका, अंगणवाडी ताई, एसटीतले निवृत्त कंडक्टर यांना माणसांची सवय असते. महिला मंडळात मागच्या रांगेत बसणाऱ्या अबोल बाईचं नाव आधी लिहा.

आत्ता कुणाला विचारू नये:

- ज्याच्या घरी वर्षभरात मयत झाली आहे. त्याचं स्वतःचं दुःख ओलं असतं, दुसऱ्याच्या घरी बसलं की तेच बाहेर येतं.
- ज्याच्या कानात गेलेलं संध्याकाळपर्यंत गल्लीत येतं.
- जो लोकांना व्याजाने पैसे देतो, किंवा ज्याने मंडळीतल्या अनेकांकडून उसने घेतले आहेत.
- प्रत्येक भेटीचा फोटो ज्याला लागतो.

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या वाटपाची तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी सर्वांना हात वर करायला सांगितलं नाही. काम कोणतं ते ठरलं, माणसं किती ते ठरलं (सात), ती कशी असावीत ते ठरलं आणि मग निवड झाली. आपण नेमका हाच क्रम उलटा करतो.

टप्पा ४: विचारायचं कसं

सगळं यश इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

एका माणसाला, समोरासमोर, त्याच्या घरी विचारा. चर्चच्या दारात, चार लोकांत विचारलं की माणूस भिडेपोटी 'हो' म्हणतो आणि नंतर फोन उचलत नाही. फोनवर किंवा ग्रुपवर विचारलं तर तेवढंही होत नाही.

विचारताना पाच गोष्टी यायलाच हव्यात: त्यालाच का विचारलं, काम कोणतं, किती वेळ, कुणाबरोबर, कधीपर्यंत. बोलणं साधारण असं व्हावं:

"मावशी, परवा तुम्ही शांताक्कांजवळ बसला होता ते मी बघितलं. त्या तुमच्याशी बोलल्या, एरवी कुणाशी बोलत नाहीत. त्यांच्याकडं बुधवारी सात वाजता अर्धा तास बसायचंय. पहिले चार बुधवार मी संगट येतो. सहा आठवडे, मग थांबायचं. आत्ता काही सांगू नका, घरी बोला. रविवारी मी विचारतो. नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही."

शेवटची तीन वाक्यं गाळू नका. लग्न झालेल्या बाईला घरी विचारायला वेळ लागतो आणि संध्याकाळचा अर्धा तास मिळवण्यासाठी सासूशी किंवा नवऱ्याशी बोलावं लागतं. बरेचदा पाळकांनी घरच्या मोठ्या माणसाला स्वतः सांगितलं की वाट सोपी होते.

*सावधान:* "प्रभूने मला तुमचंच नाव दाखवलं" असं म्हणू नका. मग नकार द्यायचा म्हणजे देवालाच नकार दिल्यासारखं होतं. अशा दबावाने आलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात ताप, पाहुणे, लग्न अशी कारणं सांगायला लागतो.

नकार आला तर "बरं" म्हणा, चहा घ्या आणि निघा. कारण उकरू नका. सहा महिन्यांनी दुसरं, लहान काम घेऊन पुन्हा विचारता येतं, पण आजची भेट अवघडलेली झाली नसेल तरच.

*तपासणी:* 'हो' म्हणालेल्या माणसाला त्याचं काम एका वाक्यात सांगायला लावा. "भेटायला जायचं" एवढंच आलं, तर तुम्ही नीट सांगितलेलं नाही.

टप्पा ५: तीन संध्याकाळींची तयारी

प्रत्येकी दीड तास. जास्त केलं तर लोक येत नाहीत, कमी केलं तर चुका रुग्णाच्या घरी होतात.

*पहिली संध्याकाळ: ऐकणं.* तिघांचा गट करा. एक जण पाच मिनिटं आपली खरी, छोटी अडचण सांगेल. दुसरा ऐकेल, सल्ला द्यायचा नाही. तिसरा फक्त बघेल आणि ऐकणाऱ्याने कितीदा मध्येच तोंड घातलं ते बोटांवर मोजेल. मग जागा बदला. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे दुसऱ्याच मिनिटाला सल्ल्यावर येतात. यावर हसू येतं आणि धडा तिथेच पक्का होतो. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर ठीक होते, बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

न बोलायची वाक्यं फळ्यावर लिहा: "देवाची इच्छा." "रडू नका." "माझ्या मेव्हण्याला हेच झालं होतं, तो महिनाभरात गेला." "विश्वास कमी पडतोय." त्यांच्याऐवजी पुरेसं आहे: "लई अवघड आहे हे. मी बसतो थोडा वेळ."

*दुसरी संध्याकाळ: मर्यादा.* हे नियम कागदावर छापून द्या:

1. ऐकलेलं बाहेर जाणार नाही. प्रार्थनेची विनंतीसुद्धा त्या माणसाला विचारल्याशिवाय सभेत किंवा व्हॉट्सॲपवर मांडायची नाही. ("प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" या एका वाक्याने मंडळ्यांत जितकी घरं दुखावली, तितकी उघड भांडणांनीही दुखावली नसतील.)
2. पैसे उसने द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. गरज दिसली तर खजिनदारांना कळवायचं, मदत मंडळीच्या पावतीवर जाईल.
3. औषध बंद करा, कमी करा, बदला, असं कधीही म्हणायचं नाही. बरे होण्याची प्रार्थना जरूर करा, गोळ्यांना हात लावू नका. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्र-तंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. "आधी प्रार्थना, मग दवाखाना" हा क्रमही जीव घेतो. गाडीत बसवा, वाटेत प्रार्थना करा.
4. एकट्या बाईकडे एकट्या पुरुषाने आणि एकट्या लेकराकडे कुणीही एकट्याने जायचं नाही.
5. लेकरावर लैंगिक अत्याचाराची शंका आली तर ते प्रकरण 'मंडळीत मिटवायचं' नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइन १०९८, पोलीस ११२.

*तिसरी संध्याकाळ: जीव द्यायच्या गोष्टी.* हा विषय टाळू नका. "कंटाळा आलाय, सुटायचंय" असं कुणी म्हणालं तर सरळ विचारायचं: "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला दार उघडतं. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एकाला सांगायचं, शेतीची विषारी औषधं घराबाहेर आणि कुलपात ठेवायला लावायची आणि १४४१६ (टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) वर त्याच्याबरोबर बसून फोन लावायचा. इथे गुप्ततेचा नियम लागू नाही, हे सेवकाला आधीच सांगून ठेवा.

कुणी औषध प्यालंच असेल तर १०८. उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही, बाटली किंवा तिचं लेबल डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्यायचं.

टप्पा ६: पहिल्या चार भेटी जोडीने

पहिल्या दोन भेटींत नवा सेवक फक्त बसतो. तिसऱ्या भेटीत सुरुवात तो करतो. चौथ्यात सगळं तो करतो आणि अनुभवी माणूस गप्प बसतो. गप्प बसणं हे अनुभवी माणसाला सगळ्यात जड जातं, त्याला तसं आधीच बजावून ठेवा. परतीच्या वाटेवर दहा मिनिटं बोला: काय ऐकलं, कुठे अडखळलं.

*छत्रपती संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाई असो की नांदेडची विष्णुपुरी, सरकारी दवाखान्यातल्या भेटीचा क्रम:*

1. निघण्याआधी नातेवाइकाला फोन: आलं तर चालेल का, काय आणू.
2. हात धुऊन आत. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका.
3. खाटेवर बसू नका. रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर, स्टूलवर बसा किंवा वाका.
4. पंधरा मिनिटं, फार तर वीस. डॉक्टरांचा राउंड आला की बाहेर.
5. "प्रार्थना करू का?" असं विचारा आणि उत्तराची वाट बघा. हो म्हणाले तर हलक्या आवाजात, एक-दोन मिनिटं. वॉर्डात तीस खाटा असतात, सगळ्यांना ऐकू जायची गरज नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची विचारपूस करा, पाणी आणून द्या. त्याने स्वतः मागितल्याशिवाय त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करू नका, पत्रकं वाटू नका.
6. निघताना पुढच्या भेटीचा वार सांगा. "येत जाईन" म्हणू नका. जो वार सांगाल तो पाळा.

*सावधान:* नारळपाणी घेऊन जायची आपली जुनी सवय. किडनीच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि बिघडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. केळ्यांचंही तसंच. ऑपरेशनच्या आधी-नंतर घोटभर पाण्यालाही बंदी असू शकते. खाण्याचं काहीही सिस्टरना विचारल्याशिवाय देऊ नका.

खरी गरज बहुधा रुग्णाशेजारी जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला असते: चादर, साबण, मोबाइलचा चार्जर, घरचं जेवण, आणि दोन तास कुणीतरी बसेल तर आंघोळीपुरती सुटका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणारा आजार असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राचा टेबल शोधून देणं आणि रेशन कार्ड, आधार कार्ड गावाहून मागवून घेणं, ही भेटीइतकीच मोठी सेवा आहे.

मयतीच्या घरी पहिल्या दिवशी माणसं भरपूर असतात. सेवकाला तिथे पाणी, खुर्च्या, पेटी, खड्डा आणि पाहुण्यांचे फोन ही कामं वाटून द्या. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत झाली ना, हे एकाने बघावं. खरी सेवा नंतर लागते: दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, पहिल्या नाताळला आणि वर्ष भरताना. या चार तारखा मयतीच्या आठवड्यातच वहीत घालून ठेवा, नंतर आठवत नाहीत.

टप्पा ७: सेवकाकडे कोण बघतं?

एका सेवकाकडे तीनपेक्षा जास्त घरं नकोत. महिन्यातून एकदा सगळ्यांनी पाऊण तास भेटायचं आणि तीनच प्रश्न: काय जमलं, काय जड गेलं, कुठे मदत हवी. घरांची नावं आणि तपशील इथेही घ्यायचे नाहीत.

सेवक चिडचिड करायला लागला, भेटी पुढे ढकलू लागला, किंवा "माझ्याशिवाय त्यांचं कुणीच नाही" म्हणू लागला, तर त्याला विश्रांती द्या. तिसरं लक्षण सगळ्यात फसवं असतं, कारण ते ऐकायला फार चांगलं वाटतं.

प्रवासाचे पैसे मंडळीने द्यावेत. तालुक्याहून घाटीला जाऊन यायचं तिकीट मजुरीवर जगणाऱ्या बाईला परवडत नाही आणि ती ते तोंडाने कधीच सांगणार नाही. मग सेवेत फक्त पगारदार माणसं उरतात.

टप्पा ८: सहा आठवडे झाले की थांबवा

ठरलेल्या तारखेला काम खरोखर थांबवा. सेवक म्हणाला "राहू द्या, मी जाते की", तरीही दोन आठवडे सुट्टी द्या आणि मग नव्याने विचारा. तुम्ही दिलेली तारीख पाळता हे मंडळीत एकदा दिसलं की पुढचा माणूस 'हो' म्हणायला कमी कचरतो.

थांबवताना त्या घरी दोघांनी जायचं, जुना सेवक आणि नवा. जुन्याने ओळख करून द्यायची: "आजी, पुढच्या बुधवारपासून या ताई येतील. मी रविवारी चर्चला भेटेनच." नवा माणूस अजून मिळाला नसेल तर तेही आजींना स्पष्ट सांगा आणि मधल्या आठवड्यांत पाळकांनी स्वतः फोन करावा. न सांगता भेट बंद झाली की म्हातारं माणूस आपलंच काही चुकलं असेल म्हणून झुरतं, आणि पुढच्या सेवकाला दार अर्धंच उघडतं.

त्याच संध्याकाळी वहीतली तारीख बदला.